तीन टिंबं

हिरामण कोळीच्या ट्रकला पंचावन्नला थरथर सुटायची.
पन्नासला नाही, साठीच्या पुढं नाही,
पंचावन्नला, तीही केळी भरलेली असताना,
रावेर सोडून बऱ्हाणपूरकडे जाताना.
"आरशात मांगची गाडी दोन दिसते भो," तो म्हणाला,
"एक खरी, एक तिची बहीण."

सावद्याला चाकं बॅलन्स करून झाली होती,
फैजपुरात क्रॉस बदलला, भुसावळला सेंटर बेअरिंग,
आणि कोणी तरी म्हणालं म्हणून
बंपरला लिंबू-मिरचीही नवी.
थरथर तशीच. पायातून कमरेत, कमरेतून झोपेत.

सुभान उस्ताद आधी काहीच उघडत नाहीत.
वाघोद्याच्या रस्त्याला गाडी काढायला लावली,
मी मागे फळीवर.
पंचावन्नला म्हणाले, गियर बदल, वेग तोच ठेव.
इंजिनाचा सूर चढला. थरथर तीच.
न्यूट्रल कर.
थरथर अर्धी झाली, मग तीही गेली.
"इंजिनाला कायले शिव्या देता," उस्ताद म्हणाले,
"दुखणं तिच्या मांगं आहे."

मागचा धुरा घोड्यांवर चढवला,
फिरत्या दांड्याजवळ, अगदी पेटीच्या तोंडाशी,
उस्तादांनी शाळेतला खडू धरला,
सापाला दूध दाखवावं तसा, हळू.
बंद करून पाहिलं: एकाच अंगाला पांढरा ओरखडा,
दुसरं अंग कोरं.
गोल फिरणाऱ्याला वाटतं, आपण गोलच फिरतोय.

मग फ्लँज हातात धरून वर उचलली.
टक्.
इतकंच. सुपारीच्या खांडाएवढा आवाज.
सीलच्या कडेला तेलात धूळ मळून
काळं भरीत झालेलं.

दांडा खाली उतरवला तेव्हा दिवा माझ्या हातात होता,
म्हणून ते आधी मला दिसलं.
नटावर पंचानं मारलेली तीन टिंबं,
चुलीच्या दगडांसारखी मांडलेली.
आमच्या प्रत्येक पान्यावर ती आहेत,
जॅकवर आहेत, चहाच्या किटलीच्या बुडालाही आहेत.

मी दिवा जरा सरकवला.
"इकडे धर."
धरला.

उस्तादांचं बोट नटावर थांबलं.
वर रस्त्यावरून कुणाचा तरी भरलेला ट्रक गेला,
खड्ड्याच्या कडेचे पाने किणकिणले
आणि गप्प झाले.
"सील कोणी बदललं होतं रे?"
"तुम्हीच की," हिरामण वरून म्हणाला,
"बहिणीले पोरगा झाला त्या साली. आता शाळेत जातो."

नट बोटांनी फिरला.
कॉलर वाकवून खाचेत दाबायची असते,
ती सरळच होती, दुकानातून आणल्यासारखी.
आतून शाफ्ट निघाला:
दात एका अंगानं खाल्लेले, विळ्यासारखे.
रेस दिली की एक धक्का, पाय काढला की उलटा,
सहा वर्षं, दिल्लीपर्यंत, जाऊन-येऊन.

मला वाटलं उस्ताद कारण सांगतील.
त्या दिवशी ताप होता, घाई होती, लाईट गेली होती.
ते म्हणाले, "वाकवायची राहिली."
मग थोड्या वेळानं, "काहून राहिली, ते आठवत नाही."
आणि वहीत शाफ्ट, फ्लँज, बेअरिंग, सील
हिरामणच्या पानावर न लिहिता
मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

जळगावहून सामान यायला दोन दिवस लागले.
त्यांनी हातोडा बाजूला ठेवला,
शोरूमवाल्याकडून मापाचा पाना उसना आणला
आणि तो कट् म्हणेपर्यंत ओढला.
कॉलर वाकवली. पुन्हा पाहिली.
मग पंच माझ्याकडे केला, "खूण कर."

मी तीन टिंबांसाठी नेम धरला.
"ती नको. तुही."

माझी अशी काही खूण नव्हती.
एकच टिंब मारलं, तेही जरा तिरकं.

गाडी सकाळी निघणार होती.
रात्री मी दोनदा उठून खड्ड्यात उतरलो,
दिवा लावला,
नटावर बोट ठेवून पाहिलं.
दुसऱ्या वेळी उस्ताद वर कडेला बसलेले होते.
काही बोलले नाहीत.